तीन मुलं आणि एक परिपत्रक

केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात किडंगूर नावाचं गाव आहे. तिथल्या एका हायस्कूलमध्ये 1985 साली तीन भावंडं शिकत होती. थोरला दहावीत, त्याच्या पाठची नववीत आणि धाकटी पाचवीत. आपल्याकडे परिपाठ असतो तशी तिथेही रोज सकाळी सगळ्या शाळेची सभा भरायची आणि राष्ट्रगीत व्हायचं. ही तिघं बाकीच्यांबरोबर ताठ उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांचं कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातलं. देवाखेरीज कुणाचं गुणगान करायचं नाही, या त्यांच्या श्रद्धेत जगातली सगळीच राष्ट्रगीतं येतात. ‘जन गण मन’शी त्यांचं वेगळं वाकडं नव्हतं. त्यांच्या मोठ्या बहिणी याच शाळेतून शिकून गेल्या होत्या आणि त्याही अशाच गप्प उभ्या राहायच्या. इतक्या वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

जुलै 1985 मध्ये हे एका आमदारांच्या नजरेस आलं. त्यांना त्यात देशप्रेमाचा अभाव दिसला आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने सांगितलं की मुलं कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा कसलाही अनादर केलेला नाही. खरं तर इथेच फाइल बंद व्हायला हवी होती. पण शाळांच्या उपनिरीक्षकांकडून सूचना आली आणि मुख्याध्यापिकांनी 26 जुलै 1985 पासून तिघांनाही शाळेतून काढून टाकलं. सरकारचा निर्णय होईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या, अशी विनंती वडिलांनी केली. माझ्या हातात काही नाही, असं मुख्याध्यापिकांचं उत्तर होतं.

मुलं केरळ उच्च न्यायालयात गेली. तिथे एक सदस्यीय पीठाने आणि मग खंडपीठानेही त्यांची याचिका फेटाळली. शेवटी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्यासमोर सुनावणी झाली आणि 11 ऑगस्ट 1986 रोजी निकाल लागला. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने तो ओळखला जातो. मुलांना काढून टाकणं हा त्यांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, त्यांना परत घ्या, विनाअडथळा शिकू द्या आणि त्यासाठी लागतील त्या सोयी द्या, असा आदेश झाला.

कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण कलम 25 खाली, म्हणजे धर्मस्वातंत्र्याखाली येतं आणि ते बरोबरच आहे. मी मात्र ते शाळेचं प्रकरण म्हणून वाचते. दहावीला राज्यशास्त्राचा पहिलाच धडा ‘संविधानाची वाटचाल’. तो शिकवताना मी किडंगूरची गोष्ट सांगते आणि मुलांना बोलू देते. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून पेपर 40 गुणांचा, त्यात यावर प्रश्न येणार नाही, हे मुलांना ठाऊक असतं. तरीही त्या तासाला मागच्या बाकांवरूनही हात वर होतात.

मुख्याध्यापिकांना काय माहीत होतं

या प्रकरणातली सगळी माणसं बघा. आमदारांना ती मुलं माहीत नव्हती. उपनिरीक्षकांना माहीत असायचं कारण नाही. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तर शेकडो फाइली बघणारे. त्या मुलांना रोज सकाळी समोर उभं राहिलेलं बघणारे फक्त शाळेतले शिक्षक होते. मुलं कशी उभी राहतात, गीत चालू असताना कुजबुजतात की नाही, शेजारच्याला गाऊ नकोस म्हणतात का, वर्गात कशी वागतात, या सगळ्याचा पुरावा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर होता. मुलं बेशिस्त आहेत असं खुद्द सरकारचंही म्हणणं नव्हतं.

म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त माहिती होती त्यांचाच आवाज कारवाईच्या वेळी सगळ्यात बारीक झाला. हे वाचून मुख्याध्यापिकांवर तोंडसुख घेणं सोपं आहे, पण मला ते करवत नाही. ‘वरून’ सूचना आली की आपल्याकडचं ऑफिस कसं चालतं हे मी पाहिलेलं आहे. आलेला कागद आवक नोंदवहीत चढतो, त्यावर सही होते, आणि संध्याकाळपर्यंत अंमलबजावणी केल्याचा अहवाल केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲपवर जातो. कागदात काय म्हटलंय आणि ते म्हणायचा अधिकार कुणाला आहे, हे तपासायची सवयच मोडलेली असते.

परिपत्रक आणि कायदा

निकालातला हा भाग प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावा. केरळ सरकारच्या हातात काय होतं? सार्वजनिक शिक्षण संचालकांची दोन परिपत्रकं, एक 1961 चं आणि दुसरं 1970 चं. सगळ्या शाळांत सकाळची सभा व्हावी, राष्ट्रगीत व्हावं, त्यानंतर सर्वांनी एका आवाजात प्रतिज्ञा म्हणावी, असा त्यांचा मजकूर. न्यायालयाने विचारलं की याला कायद्याचा आधार कोणता? मूलभूत हक्कावर बंधन घालायचं तर संविधानाच्या कलम 19(2) प्रमाणे किंवा कलम 25 प्रमाणे ‘कायदा’ लागतो. खात्याची अंतर्गत सूचना म्हणजे कायदा नव्हे. शिस्तभंगासाठी जे नियम दाखवले गेले ते आज्ञाभंग, खोडसाळपणा, लबाडी असल्या वागण्यासाठी होते. गप्प उभं राहणं त्यात कुठे बसवणार?

राष्ट्रगीत प्रत्येकाने गायलंच पाहिजे असा कायदा देशात नव्हताच. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणारा 1971 चा कायदा आहे. त्यात राष्ट्रगीत गाण्यापासून कुणाला मुद्दाम रोखणं किंवा गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणं हा गुन्हा आहे, आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या मुलांनी यातलं काहीच केलं नव्हतं. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत, म्हणजे 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 51 क मध्ये, राष्ट्रगीताचा आदर राखणं येतं. न्यायालयाने म्हटलं, आदराने उभं राहिलं की आदर राखला गेला.

दुसरा आधार कलम 19(1)(क), भाषण आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा. बोलायचा हक्क आहे तसा गप्प राहायचाही आहे. हे वाक्य वर्गात म्हटलं की पोरं हमखास म्हणतात, “मग बाई, तोंडी परीक्षेत?” हसू द्यावं.

उच्च न्यायालयाची वाट कुठे चुकली, हेही बघण्यासारखं आहे. त्यांनी ‘जन गण मन’ शब्दन् शब्द तपासलं आणि यात कुठल्याही धर्माला दुखावणारं काही नाही, असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष अगदी खरा, पण मुलांचा आक्षेप शब्दांना नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच दाखवून दिलं. मुलाने विचारलेलं असतं एक आणि आपण तळमळीने भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत सुटतो, असं आम्हा शिक्षकांचंही होतं. मुलं मान डोलावतात आणि आपल्याला वाटतं की समजलं.

अमेरिकेत आधी घडलेलं

किडंगूरच्या निकालात अमेरिकेतल्या दोन खटल्यांची चर्चा आहे. 1935 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल गावी याच पंथाच्या बारा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या दहा वर्षांच्या भावाने शाळेत झेंड्याला सलाम करायचं नाकारलं. तेव्हा तिथली सलामी हात पुढे ताणून केली जायची, हिटलरच्या सलामीसारखी दिसणारी. ती बदलली 1942 च्या अखेरीस. त्याच सुमारास जर्मनीत याच पंथाची माणसं नाझी सलामी नाकारून छळ सोसत होती. मायनर्सव्हिलच्या मुलांना शाळेतून काढलं. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने शाळेची बाजू उचलून धरली. त्यानंतर देशभर या पंथाच्या लोकांवर जमावाचे हल्ले झाले.

तीनच वर्षांनी, 14 जून 1943 रोजी, वेस्ट व्हर्जिनियातल्या मुलांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मताने आपला निकाल फिरवला. 1940 च्या बहुमतातल्या तीन न्यायमूर्तींनी मधल्या काळात आपलं मत चुकलं असं लेखी कबूल केलं होतं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला शाळकरी पोरांमुळे तीन वर्षांत आपलं म्हणणं बदलावं लागलं, तेही महायुद्ध ऐन भरात असताना, जेव्हा झेंड्याविषयी कुणाचं काही ऐकून घेण्याची कुणाचीच मनःस्थिती नसते.

वर्गात काय निघालं

गोष्ट सांगून झाली की मी पहिला प्रश्न विचारते: या तिघांना चांगले नागरिक म्हणाल का? पहिल्या फेरीत बहुतेक उत्तर ‘नाही’ असंच येतं. “सगळे गातात, त्यांनाच काय होतंय?” हा सूर. मला स्वतःलाही राष्ट्रगीत म्हणायला आवडतं, 52 सेकंदांत अंगावर काटा येतो, त्यामुळे हा सूर मला परका नाही. शिवाय हा पंथ मतदानही करत नाही आणि सैन्यातही जात नाही. तेव्हा आदर्श नागरिक म्हणून त्यांची तसबीर भिंतीवर लावा, असं माझं म्हणणं नाही.

एका वर्षी याच टप्प्यावर एका मुलाने विचारलं, “बाई, त्यांच्या वर्गातल्या पोरांना कुणी विचारलं का?” मी निकालाची प्रत अनेकदा वाचलेली होती, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. वर्गमित्रांचं म्हणणं त्यात कुठेच नाही. आमदार आहेत, आयोग आहे, उपनिरीक्षक आहेत, दोन न्यायालयं आहेत; पण रोज सकाळी त्या तिघांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहून जे राष्ट्रगीत गात होते, त्यांना त्रास होत होता का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. आणि उत्तर तर वर्षानुवर्षं समोर होतं: पोरं आपली गात होती, ही तिघं गप्प होती, आणि राष्ट्रगीत संपलं की सगळी एकाच रांगेने वर्गात जात होती. सहिष्णुता म्हणून आम्ही जे व्याख्या पाठ करून शिकवतो, ते त्या पटांगणात कुणी न शिकवता चालू होतं. ते मोडलं मोठ्या माणसांनी.

दुसरा प्रश्न एका टवाळ पोराचा. “मग उद्या मी म्हटलं, गृहपाठ माझ्या श्रद्धेत बसत नाही, तर?” वर्ग हसला. माझ्याकडे उत्तर तयार होतं: श्रद्धा खरी आणि मनापासूनची असली पाहिजे, हा न्यायालयाचा निकष. न्यायाधीशाला ती पटते की नाही हा मुद्दाच नाही. मी हे सांगणार तेवढ्यात त्याच्याच बाकाच्या पुढची मुलगी वळून म्हणाली, “तू रोज वेगळं कारण सांगतोस. ती रोज तेच करत होती. त्यांच्या बहिणीपण.” कायद्याच्या वर्गात तासभर घेतला असता तरी यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. निकालातही मोठ्या बहिणींचा उल्लेख येतो तो याचसाठी: कोर्टात जाण्यासाठी ऐनवेळी काढलेली ही श्रद्धा नव्हती.

मग चर्चा गावातच उतरते. थिएटरमधल्या राष्ट्रगीताचा विषय निघतोच. 30 नोव्हेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाआधी राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि जानेवारी 2018 मध्ये ती सक्ती काढून ते ऐच्छिक केलं. त्या सक्तीच्या आधीच, 2016 मध्येच, पणजीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये अपंगत्वामुळे उभ्या राहू न शकणाऱ्या माणसाला तो उभा राहिला नाही म्हणून मारहाण झाली होती. हे ऐकल्यावर जी पोरं पहिल्या फेरीत ‘सगळे गातात’ म्हणत होती, तीच विचारतात, “त्याला आधी विचारलं का नाही?” मी काही बोलत नाही. किडंगूरमध्ये काय विचारायचं राहून गेलं, ते त्यांचं त्यांना दिसलेलं असतं.

नाशिकचं प्रकरणही मी सांगते, कारण तिथे मुलांच्या जागी शिक्षक आहे. शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला म्हणून एका शिक्षकाची वेतनश्रेणी अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. किडंगूरच्या मुलांनी तयार केलेल्या वाटेवरून सत्तावीस वर्षांनी एक गुरुजी चालले, असं एका पोराने लिहून दिलं होतं. वाक्य थोडं नाटकी आहे, पण मी लाल पेन लावला नाही.

“बाई, त्यांचं बुडलेलं वर्ष?” हाही प्रश्न दरवेळी येतो, आणि बहुतेक वेळा तो विचारणारी मुलगी असते. दहावीतल्या मुलाला जुलैत काढलं आणि निकाल पुढच्या ऑगस्टमध्ये लागला. आदेशात परत घ्या, शिकू द्या, सोयी द्या एवढं आहे. गेलेला काळ परत देता येत नाही. इतकी किंमत द्यावी लागेल हे माहीत असतं तर तू काय केलं असतंस, असं मी उलट विचारते. बरीच मुलं प्रामाणिकपणे सांगतात, “गायलो असतो.” त्या तिघांनी ना सभेत गोंधळ घातला, ना शाळेच्या दारात आंदोलन केलं. बाहेर काढल्यावर बाहेर गेली, अर्ज केला, अर्ज फेटाळल्यावर वरच्या न्यायालयात गेली. ज्या यंत्रणेने बाहेर काढलं, तिच्याच वरच्या पायरीवर न्याय मागितला. संविधानावर इतका विश्वास त्या वेळी त्या प्रकरणातल्या एकाही मोठ्या माणसाने दाखवला नव्हता.

पत्र

शेवटी मी एक लेखी काम देते. तुम्ही त्या मुख्याध्यापिका आहात, उपनिरीक्षकांची सूचना आली आहे. त्यांना उत्तर लिहा. बहुतेक पत्रं आमच्याच ऑफिसच्या भाषेत येतात, ‘उचित कार्यवाही होणेस विनंती’ वगैरे. ही भाषा ती कुठून शिकली, हे वेगळं सांगायला नको. एका मुलीचं पत्र मात्र मी जपून ठेवलं आहे. त्यातला मुख्य मजकूर असा:

“महोदय, सदर तीन विद्यार्थी राष्ट्रगीताच्या वेळी उभे असतात. त्यांनी कोणाला अडथळा केला नाही. त्यांच्याविरुद्ध शाळेत तक्रार नाही. आयोगाने पण असेच म्हटले आहे. तरी त्यांना कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढावे ते लेखी कळवावे. तोपर्यंत मी त्यांना वर्गात बसू देत आहे.”

वर्गात हे वाचून दाखवल्यावर वाद झाला तो शेवटच्या वाक्यावर. एक मुलगा म्हणाला, “बसू देण्याची परवानगी द्यावी, असं पाहिजे.” पत्र लिहिणारी म्हणाली, “परवानगी मागितली तर नाहीच म्हणतील. मग काढावंच लागेल.” तिसऱ्याचं म्हणणं, असं लिहिणाऱ्या बाईंनाच निलंबित केलं असतं, घरी त्यांचीही मुलं असतील. चौथ्याने विचारलं, निलंबित केलं असतं तर त्याही कोर्टात गेल्या असत्या का? मग सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

मी सांगितलं की मी परवानगीचं वाक्य घातलं असतं आणि त्याखाली कलम कळवण्याची मागणी ठेवली असती. पत्र लिहिणारीने थोडा विचार करून सांगितलं की मग मागणी आधी घ्या आणि परवानगी नंतर, कारण वरचे साहेब पहिलंच वाक्य वाचतात.